ऑगस्टची बाटली

१० एप्रिल १९७२, राहाता
नीलांबरीवहिनी बाटली ठेवून गेल्या. खाडीतल्या पाण्याचा ऑगस्टचा नमुना. बाकी अकरा महिन्यांतले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, दादाने स्वतः मोजून वहीत लिहिलेत. हा नमुना घेऊन परतताना होडी उलटली. बाटली पिशवीत तशीच सापडली. दादा दुसऱ्या दिवशी.
दादाच्या प्रोफेसरांना आकडा १५ मेच्या आत हवा, नाहीतर दादाचा पेपर छापायचा राहील. तासाभराचं काम. मी विज्ञान शिकवतो. उद्या.

११ एप्रिल
शाळेचा मायक्रोस्कोप आणला. टेबल हलतं. अशाने मोजणी शास्त्रीय होत नाही. सुताराला सांगायला हवं.

१६ एप्रिल, सकाळी ७
झाकणाला हात लावला. आत दादाची चिठ्ठी आहे. नमुन्याची माहिती पेन्सिलीने लिहून बाटलीतच टाकायची त्याची पद्धत. कागद काचेला चिकटलाय. वाचला नाही. तळहाताला घाम. यंदा उन्हाळा फार.
दादा कशालाच भीत नसे.

२२ एप्रिल
दूध घालायला बनुबाई आल्या. बाटलीवर टॉवेल कशाला, म्हणाल्या. उजेडाने नमुना बिघडतो, असं सांगितलं. त्यावर म्हणाल्या, मेलेल्या किड्यांना काय भेताय मास्तर, उठून चावनार हायेत व्हय? मी भीत नाही. तसं सांगितलंही. जरा मोठ्याने.

२९ एप्रिल
बाटली कपाटात ठेवली. हल्ली जेवायला ओट्यावर बसतो. आत उकडतं. सुतार तिसगावला गेलाय म्हणे.

४ मे
नीट विचार केला. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी खाडीत उतरतं, खाऱ्या पाण्यातले जीव घटतात. दादाच्या वहीत जून ४१०, जुलै १२६. ही उतरण पाहता ऑगस्ट शून्य. बाटली उघडायची गरजच नाही. याला अनुमान म्हणतात. प्रोफेसरांना पोस्टकार्ड टाकलं. फार हलकं वाटलं. जेवण गेलं नाही.

१३ मे
वहिनी नगरहून आल्या. प्रोफेसरांनी त्यांना पत्र लिहून विचारलंय, एकही जीव नाही, असं कसं? भावोजी, मोजलंत ना, म्हणाल्या. मी अनुमान समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी मोजते, तुम्ही लिहून घ्या. टेबल हलतं, म्हणालो. त्यांनी कागदाची घडी करून पायाखाली सारली.
चिमट्याने चिठ्ठी काढली. वाचून दाखवली: जाळे दहाऐवजी पाचच मिनिटे ओढले. पाणी चढले. भ्यालो.
दादा.
पाच मिनिटांचे एक्कावन्न. म्हणून दुप्पट, एकशे दोन. मोजताना वहिनींचा आवाज एकदाही अडला नाही.
प्रोफेसरांना आधीच्या शून्याचं कारण काय कळवू, असं विचारलं. म्हणाल्या, यांनी चिठ्ठीत शेवटी लिहिलंय तेच लिहा.
लिहिलं. अक्षर वाकडं आलं. टेबल हलत नव्हतं.