केंद्राचा चाळीस मिनिटांचा कायदा

२ फेब्रुवारी
शिकागोच्या केंद्रीय मराठी मंडळाची ईमेल. पाडव्याला कुठल्याही शाखेचं नाटक चाळीस मिनिटांच्या वर नको. माझं दोन तास दहा मिनिटांचं आहे. त्यातलं मिनिटही निघणार नाही. लेखक मी, नायकही मीच, आणि रिटायर झाल्यापासून तीन वर्षं दुसरं काही केलेलं नाही.

५ फेब्रुवारी
लायब्ररीत उपाय सापडला. १८३२ साली साउथ कॅरोलायनाने वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा जकातीचा कायदा आपल्या हद्दीत सरळ रद्द ठरवला. न पटलेला कायदा राज्याने मानायचा नाही, अशी थिअरीच आहे. मग शाखेने मंडळाचा का मानावा? पुढचं प्रकरण वाचायचं राहिलं.

६ फेब्रुवारी
अनिशला फोन. मुलगा वकील आहे. म्हणाला, कोर्टांनी ही थिअरी कधीच मानलेली नाही. वर विचारलं, मग वॉशिंग्टनची बंदी असताना आपल्या इलिनॉय राज्याने गांजाला परवानगी दिली तेही चालतं का? ते अर्थातच चालत नाही. तिथे वॉशिंग्टनने कडक व्हायला हवं. माणसाला काही तत्त्व असावं.

९ फेब्रुवारी
नेपरव्हिल शाखेची सभा, आमच्या बेसमेंटमध्ये. नऊ जण, बायकोच्या, नंदाच्या, हातचा उपमा. ठराव: न पटलेला नियम आम्ही पाळणार नाही. एकमताने पास. आमची नायिका रुपाली, पेशाने डेंटिस्ट, तिने दोन्ही हात वर केले. मला भरून आलं.

१६ फेब्रुवारी
तालीम रविवारी सकाळी आठला, असा नियम केला. कोणीही आलं नाही. रुपालीचा मेसेज: काका, हा नियम आमच्या घरापुरता रद्द. आधार माझ्याच ठरावाचा. ही थिअरी कोणाच्याही हाती देण्यासारखी नाही.

२ मार्च
माझ्यामागे कलाकारांनी नाटक कापलं. अडतीस मिनिटं. नायकच काढलाय. मतदानात नंदाचाही हात वर होता म्हणे. आता केंद्राकडे तक्रार करणार. शेवटी केंद्रच सर्वोच्च, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

५ मार्च
केंद्राचं उत्तर. तुमच्या ठरावाचा आदर राखून आम्ही नेपरव्हिलमध्ये ढवळाढवळ करणार नाही.

३० मार्च
पाडवा. मी पडदा ओढला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. घरी येताना नंदाने विचारलं, त्या नायकाचं काम नाटकात नेमकं काय होतं? गाडी गॅरेजमध्ये लावेपर्यंत विचार केला. सांगता आलं नाही.