मास्तरांच्या घरातला गहू

बाबा, नाशिकच्या डॉक्टरांनी माझ्या पोटात नळी घालून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचं उत्तर आज आलं. माझ्या आतड्याला गहू चालत नाही. त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही, बाळंतपणानंतर रक्त वाढत नव्हतं ते त्यामुळेच. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?" मी माझ्या बहिणीचं, आपल्या धाकटीचं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिलाही हेच असावं."

खोडाळ्याच्या शाळेवर तुम्ही मास्तर होतात आणि मास्तरांच्या घरात नागली, गरिबांची ती नाचणी, शिजायची नाही. आई चुलीपुढे पोळ्या लाटतेय, तुम्ही बाजारातून बिस्किटांचा पुडा आणलाय, धाकटीला मांडीवर घेऊन दुधात बुडवून एकेक भरवताय. तिच्या हातापायांच्या काड्या झाल्यात, पोट तेवढं फुगलंय, जुलाब थांबत नाहीत. राग मात्र आईवर. शेजारच्या गुरुजींसमोर तुम्ही म्हणालात, "हिला एक पोरगी सांभाळता येत नाही." आई हळूच म्हणाली, "मी खायला घालते. तिच्या अंगी लागत नाय."

लावणीच्या दिवसांत आई तिला माहेरी, साखरशेतला घेऊन गेली. आजीच्या घरात गहू नव्हताच. भात, नागलीची भाकरी, पेज. भात निसवून लोंब्या बाहेर येईपर्यंत धाकटी अंगणात कोंबड्यांमागे धावायला लागली. आजी म्हणाली, "इथंच राहू दे पोरीला." पण तुम्ही न्यायला आलात. "मास्तराची पोर नागलीवर वाढली, असं लोकांनी म्हणायचं का?" घरी पुन्हा पोळ्या आणि बिस्किटं सुरू झाली, आणि दिवाळीनंतर धाकटी वारली. भेटायला आलेल्या पाहुण्यांना तुम्ही सांगत होतात, आईनं हयगय केली. आई ते ऐकत मागे भांडी घासत होती.

रोग तुम्हाला ठाऊक नव्हता, हे मी समजू शकते. तेव्हा इकडे कुणाला ठाऊक होता? पण साखरशेतला ती सुधारली, हे तुमच्या डोळ्यांना दिसलं होतं. आईनं तेच बोलून दाखवलं, तर तुम्ही ताट भिरकावलंत. आज जव्हारला घरी आल्यावर मी आईला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "म्हंजी माझं काय चुकलं नव्हतं?" इतकी वर्षं ती तुमचं म्हणणं खरं मानत होती, बाबा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण तुम्ही हयात असतात, समोर बसला असतात, तरी यातलं एक अक्षर मी बोलले नसते. तुमच्या आवाजाची मला अजून भीती वाटते.