वायर माझ्या हातात होती

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. आधी तुमचा खोकला आठवतो, मग त्यामागून आवाज येतो. लिहायची सवय मला नाही. सातवीनंतर पेन हातात धरला तो मिलच्या हजेरीवर सही करण्यापुरता. तरी आज बसलो आहे, कारण सकाळी तुमच्या नातीचा पुण्याहून फोन आला आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. बायको म्हणते, "फोन आला तरी काळजी, न्हाई आला तरी काळजी. तुमचं करावं तरी काय माणसानं?" बरोबर आहे तिचं. फोनवर काय बोलणं झालं ते मागून सांगतो. आधी मशीनच्या झुंजीचं सांगायला पाहिजे, आणि ते तुम्हाला कळायचं तर त्याच्याही आधी आपल्या नाल्याचं.

एक्क्याऐंशी-ब्याऐंशीचा हिवाळा असेल. गाडीत कापूस भरून आपण भोकरदनच्या बाजाराला निघालो आहोत. तुम्ही मागे गाठोड्यांना टेकून बसला आहात आणि कासरा पहिल्यांदाच पूर्ण माझ्या हातात दिला आहे. मी तो मुठीभोवती दोन वेढे देऊन घट्ट धरलाय, सुटायला नको म्हणून. नाल्याचा उतार आला. बैल आपल्या चालीनं, खुरं रोवत उतरत होते. मला मात्र खालचं पाणी आणि वरचं ओझं एकदम दिसलं आणि मी कासरा हिसकला. उजवीकडच्या पांढऱ्याची मान वर झाली, पायाखालचं त्याला दिसेना, आणि तो गुडघ्यावर बसला. तुम्ही खाली उतरलात. शिवी दिली नाहीत. त्याच्या वेसणीपाशी बोट लावलंत, बोटाला रक्त आलं ते धोतराला पुसलंत, आणि म्हणालात, "उताराला जमीन बैलाला दिसती. तुला न्हाई दिसत. तवा ढिला सोडायचा असतो." मग म्हणालात, "भेव तुझ्या पोटात, अन् नाक मातर त्याचं फाटलं."

भोकरदनपर्यंत तुम्ही मला गाडीत बसू दिलं नाही. बैलाच्या बाजूनं पायी चालवलं. बाजारात मात्र भज्यांचा पुडा घेऊन दिला आणि मी खात असताना दुसरीकडे बघत राहिलात. ती भजी मला गिळवेनात, पण तुम्ही आणली म्हणून सगळी खाल्ली.

मग मी जालन्याला एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये लागलो. तुम्ही एकदाच मिल बघायला आला होतात. लालभडक सळई सापासारखी पळताना बघून दोन पावलं मागे सरलात आणि मला विचारलंत, "याला वेसण कुठाय रे?" पाळीवरचे सगळे कामगार हसले होते. पुढे तुमची नात इंजिनिअरिंगला गेली. तुम्ही तिला फ्रॉकमधली पाहिली, नाकातून शेंबूड गळणारी. कॉलेजात तिनं दोन पोरांना घेऊन एक मशीन बनवायला घेतलं. कोंबड्यांची झुंज असते ना, तशी मशीनची झुंज. परातीएवढं लोखंडी, बुटकं, खाली चाकं, ट्रकच्या वायपरच्या मोटरवर पळणारं, आणि पुढे एक फिरतं पातं. दोन मशीनं जाळीच्या रिंगणात सोडायची. जे बंद पडेल किंवा कोपऱ्यातल्या खड्ड्यात जाईल ते हरलं. हाकणारा माणूस रिंगणाच्या बाहेर उभा राहतो, त्याच्या हातात बटणांचा डबा, आणि त्या डब्यापासून मशीनच्या पाठीपर्यंत एक लांबलचक वायर. तेव्हा पोरांना बिनवायरचं जमत नव्हतं. म्हणजे वेसणही होती आणि कासराही होता, आबा. तुम्ही असता तर तुम्हाला लगेच कळलं असतं.

जालन्यातल्या आमच्या पत्र्याच्या घरापुढच्या अंगणात ते बनत होतं. एक पोरगा घनसावंगीकडचा, उंच, तोंडाचा फटकळ. दुसरा चष्मेवाला, कमी बोलणारा. मी पाळीवरून आलो की त्यांच्या डोक्यावर उभा. "अगं, हे पातं सुटून कुणाला लागलं म्हंजे?"

"पप्पा, जाळी असते."

"अन् करंट लागला म्हंजे?"

"बॅटरीवर चालतं. नाही लागत."

"तरीबी हातात रबर घालून..."

तेवढ्यात तो उंच पोरगा म्हणाला, "काका, असं करा, तुम्हीच आतमधी बसा. मंग मशीनला कायबी होणार न्हाई. घाबरून समोरचंच पळून जाईल." पोरगी इतकी हसली की तिच्या हातातला पाना खाली पडला. मीही हसलो. ते हसणं मला आवडलं होतं. तिच्या कामात मला कुठेतरी जागा आहे असं वाटलं होतं.

झुंजी जालन्यातच एका कॉलेजच्या मैदानावर होत्या. पहिल्या दिवशी यांचं मशीन सगळ्या झुंजी जिंकलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शेवटची झुंज, आणि जिंकणाऱ्याला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत जायला मिळणार होतं. पोरगी मशीन हाकायची, चष्मेवाला पातं चालवायचा, आणि उंच पोरगा वायर धरायचा, म्हणजे ती चाकात अडकू नये म्हणून काठीवरून उचलून धरायची. तो रात्री बहिणीच्या लग्नाची सुपारी फोडायला गावी गेला आणि सकाळी येताना त्याची बस अंबडच्या पुढं बंद पडली. मी जाळीबाहेर तिघांचा डबा घेऊन उभा होतो. पोरीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. "पप्पा, तुम्ही धरता?"

पंच होते त्या सरांनी मान हलवली. चष्मेवाल्यानं मला नीट समजावलं, "काका, फक्त उचलून धरायची. मशीन जिकडं जाईल तिकडं जाऊ द्यायची. ओढायची बिलकुल न्हाई." मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "मला नको शिकवू रे. बैल हाकलेत मी." आबा, त्या वेळी मला नाला आठवायला पाहिजे होता. आठवला नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की एवढ्या गर्दीत माझ्या पोरीनं मला पुढे बोलावलंय.

शिट्टी वाजते. समोरचं मशीन मोठं आहे, पुढे सुपासारखं पसरट. ते आपल्यावर धावून येतं, ठिणग्या उडतात, पोरं ओरडतात. आपलं मशीन वळतं, निसटतं, पुन्हा वळतं. काठी मला अडचणीची वाटायला लागते. मी ती खाली टाकतो आणि वायर हातात घेतो. वेढे कधी दिले ते मला खरंच सांगता येणार नाही. आणि मग मला दिसतं की आपलं मशीन सरळ खड्ड्याकडे चाललंय. पोरगी ते थांबवत नाही. उलट जोरात सोडते. मोठं मशीन मागून येतंय. खड्ड्याची कड आता हातभर उरलीय.

तिचा डाव मला नंतर कळला. कडेवर पोचून झटकन वळायचं, म्हणजे मागचं स्वतःच्या जोरानं खड्ड्यात जाईल. आदल्या दिवशी तिनं असंच एक पाडलं होतं, पण तेव्हा मी पाळीवर होतो. जमीन तिला दिसत होती, आबा. मला नाही दिसली. मी हिसका दिला.

मशीनच्या पाठीतून प्लग निघून आला आणि वायरचं टोक माझ्या पायाशी येऊन पडलं. ती ओरडली, "पप्पा, सोडा! ढिलं सोडा!" तोवर सगळं झालं होतं. आपलं मशीन कडेवर मेल्यासारखं उभं होतं. समोरच्यानं घाईसुद्धा केली नाही. हळूच येऊन त्याला खाली ढकललं. गर्दीतून एक पोरगा ओरडला, "ओ काका, बैल हाय व्हय त्यो? हो-हो म्हणा की!" सगळं मैदान हसलं. आणि मी, आबा, वायर मुठीत धरून त्यांच्यासोबत हसलो. काय करावं ते कळेना म्हणून हसलो. ती माझ्याकडे बघत होती.

टेम्पोतून घरी येताना मशीन आमच्या दोघांच्या मध्ये होतं. तिनं त्याच्यावर हात ठेवला होता. घरी बायकोनं विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, "काही नाही मम्मी, प्लग ढिला बसला होता." मी जेवत होतो. मी तोंडातला घास चावत राहिलो. संध्याकाळी तो उंच पोरगा आला, तोंड एवढंसं करून. म्हणाला, "काका, चूक माझीच. मी कालच परत यायला पाहिजे होतं." आणि मी त्याला म्हणालो, "व्हय बाबा, तू असतास तर बराबर झालं असतं." फटकळ पोरगा, पण त्या दिवशी मान खाली घालून मशीन पुसायला बसला. माझं ते बोलणं मला हिसक्यापेक्षाही जास्त टोचतं. हिसका भीतीनं झाला. हे वाक्य मी सावकाश, खुर्चीत बसून बोललो.

पुढच्या वर्षी त्यांनी नवं मशीन बनवलं. स्पर्धेच्या आधी पोरगी अंगणातून आत आली आणि म्हणाली, "पप्पा, औंदा पण तुम्ही वायर धरता का?" उंच पोरगा तिथेच बाहेर उभा होता, धडधाकट. माझी काही गरज नव्हती. तरी तिनं विचारलं. मी म्हणालो, "रविवारी पाळी हाय माझी." ती म्हणाली, "बरं." एवढंच. त्या वर्षी ते जिंकले आणि पुण्याला गेले. मग तिला तिकडेच नोकरी लागली, लग्न झालं, पोरगा झाला. आता तो पोरगा शाळेत असलीच मशीनं बनवतो, आणि त्यांच्या शाळेत झुंजी आहेत. सकाळच्या फोनवर ती तेच सांगत होती. "या ना बघायला. आता वायर नसते पप्पा. काहीच धरायचं नसतं, नुसतं बघायचं."

मी म्हणालो, "बघतो." आणि फोन ठेवल्यापासून हेच घोकतोय, की ती टोमणा मारून बोलली की मायेनं? तिचा आवाज साधा होता. पण तुमचाही साधाच होता त्या नाल्यावर. गुडघा दुखतो, एसटीत जागा मिळत नाही, पुण्यात मला रस्ता ओलांडता येत नाही, अशी कारणं मी मनात लावून ठेवली आहेत. बायको पिशवी भरू का विचारून गेली.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तर एवढं तरी लिहवलं, येत असतं तर मी एक ओळ लिहायला धजलो नसतो. एक राहिलंय, ते तिला सांगायचं सोडून तुम्हाला सांगतो. त्या दुसऱ्या वर्षीच्या रविवारी माझी पाळी नव्हती. सुट्टी होती. मी डबा घेऊन घरातून निघालो आणि त्या कॉलेजच्या गेटापर्यंत गेलो. आतून मशीनचा आवाज येत होता, तिचा आवाज येत होता. मी बाहेरच्या लिंबाखाली उभा राहून डबा खाल्ला आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी आलो.