आयुधपूजेचा फोन

तंजावर,
१६ डिसेंबर २०२४

चि. सौ. हरिणी हिला सासूबाईंचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. फोनवरच बोलू, असे पुन्हा लिहू नकोस. माझ्या वेंकटचा फोन यायचा तर लाइन मोकळी हवी, हे सात वर्षांत तुला किती वेळा सांगितले! आपल्या गप्पांना पोस्ट खाते आहे.

परवा चेन्नईहून इन्स्पेक्टर सत्यनारायण आले होते. कोर्टाच्या हुकमाने चौकशी आहे म्हणाले. माणूस बरा वाटला. दोनदा कापी प्यायले. विचारू लागले, तुमचा मुलगा १४ नोव्हेंबर २०१७ला एग्मोरहून तंजावरच्या गाडीत बसतो म्हणून निघाला आणि पोचलाच नाही, त्यानंतर काही खबर? मी म्हटले, खबर नसायला काय झाले? दर आयुधपूजेला सकाळी अकराला त्याचा फोन येतो. बोलत नाही, नुसता ऐकतो. मी घरचे सगळे सांगते, मग तो ठेवतो. यंदाही आला. त्यांनी ते लिहून घेतले आणि माझी सही घेतली. अक्षर छान आहे म्हणाले. तीस वर्षे फळ्यावर लिहिले, छान नसून सांगते कुणाला!

चौकशी कुणी मागितली ते त्यांनी सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

माझा भाऊ बालाजीराव तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर बांगड्या पाठवते. हिरव्या, दोन डझन. दर वर्षी पाठवते तशाच. हात मोकळे ठेवू नकोस. माझा लोभ आहेच, तुझा कमी होऊ देऊ नकोस.

अन्नपूर्णाबाई


गिंडी, चेन्नई,
२१ डिसेंबर २०२४

ती. गं. भा. सासूबाईंच्या चरणी हरिणीचा सा. न. वि. वि.

बांगड्या मिळाल्या. मापाला बरोबर बसल्या.

आई, चौकशी मी मागितली. समोर बसून सांगायचे होते, धीर झाला नाही. ज्यांना माणसाची खबर यायला हवी त्यांना सात वर्षे ती आली नाही, तर कोर्ट तो माणूस हयात नाही असे धरते. सात वर्षे गेल्या महिन्यात भरली. आता तुमच्या जबानीमुळे आमच्या वकीलबाई कौमुदी म्हणतात, मोजणी यंदाच्या फोनपासून पुन्हा सुरू. म्हणजे २०३१. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची असेन.

आमच्या वर्कशॉपच्या ड्रॉइंग विभागात प्राणेश म्हणून आहेत. तीन वर्षे माझ्यासाठी थांबले आहेत. मला लग्न करायचे आहे, मला मूल हवे आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे. फोनवर कोण होते ते माहीत नाही, एवढे इन्स्पेक्टरना लिहून द्या. पाया पडते.

आपली,
हरिणी


तंजावर,
३० डिसेंबर २०२४

चि. सौ. हरिणी हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्राणेश हे नाव चांगले आहे. त्यांना माझा निरोप सांग, की घाई असलेल्या माणसाने दुसऱ्याची बायको बघू नये. आणि मूल म्हणशील, तर चार वर्षे माझ्या मुलाबरोबर संसार केलास, तेव्हा काय झाले होते?

आईला मुलाचा श्वास ओळखता येत नाही, असे मी या वयात लिहून देऊ? सात फोन आले, सातही त्याचे. थंडी आहे, लोकरीचे काही घालत जा. तुझा खोकला जुना आहे.

लोभ आहेच.

अन्नपूर्णाबाई


गिंडी, चेन्नई,
६ जानेवारी २०२५

ती. सासूबाईंना सा. न.

ते फोन मी करत होते.

पहिल्या वर्षी तुम्ही अन्न सोडले होते, म्हणून केला. वर्कशॉपमध्ये मशिनींची पूजा झाली, की ऑफिसात कुणी नसते. तुमच्या जुन्या फोनवर नंबर दिसत नाही. बालाजीमामा म्हणाले, त्या दिवशी तुम्ही भात जेवलात. मग मला थांबवता येईना. तुमचा मुलगा एकदाही बोलला नाही, कारण तो तिथे एकदाही नव्हता. दुखेल हे माहीत आहे. तरी आता खरे ते लिहून द्या.

हरिणी


तंजावर,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. हरिणी हिला आशीर्वाद. वि. वि.

दुखले नाही. मला पहिल्याच वर्षी कळले होते. मी हॅलो म्हणायच्या आधी तिकडे बांगड्या वाजल्या. मीच पाठवलेल्या. माझा मुलगा बांगड्या घालत नाही.

तरी बोलत राहिले. वर्षातून दहा मिनिटे तू त्याच्या जागी बसायचीस, मला पुरत होते. इन्स्पेक्टरला जाणूनबुजून खोटे सांगितले. तू त्याची बायको आहेस तोवर तो कुणाचा तरी नवरा आहे. तू गेलीस की तो नुसता एक कागद. मला तुझा राग नाही ग, पण मी तुला सोडणारही नाही.

हे पत्र वाचून जाळ. कोर्टात बोललीस तर मी नाही म्हणेन. निवृत्त शिक्षिका एकीकडे आणि लग्नाला उतावीळ सून दुसरीकडे. खरे कुणाचे मानतील?

सौभाग्यवती राहा.

अन्नपूर्णाबाई


गिंडी, चेन्नई,
११ ऑगस्ट २०२५

ती. सासूबाईंना सा. न. वि. वि.

पत्र जाळले नाही, कोर्टात दिले. इन्स्पेक्टरनी अक्षर लगेच ओळखले.

मागच्या सोमवारी निकाल लागला. वेंकट हयात नाहीत असे कोर्टाने धरले आहे. मृत्यू कोणत्या तारखेला झाला ते ठरवत नाही, असेही लिहिले आहे. लग्न ३० नोव्हेंबरला, इथेच. बांगड्या परत पाठवते आहे. दोन फुटल्या, बाकी सगळ्या आहेत.

आता लाइन मोकळी ठेवायला नको. हवे त्याच्याशी बोलत जा.

हरिणी


तंजावर,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. गं. भा. हरिणी हिला आशीर्वाद. वि. वि.

मायना बदलला आहे. कोर्टाकडून तुला हाच हवा होता, मी कशाला अडवू?

यंदा आयुधपूजेला मी अकरापासून फोनजवळ बसले होते. एक वाजला तेव्हा उठले. तो गेला, हे मला त्या दिवशी पटले. खूप रडले. तुला सांगायला हरकत नाही, तुझ्यासाठीही रडले.

आता श्राद्ध घालायचे, तर तिथी लागते. कोर्टाने दिली नाही. दत्ताजी गुरुजी म्हणाले, घर सोडले तो दिवस धरा, नाहीतर अमावास्या. मी दोन्ही नको म्हटले. मार्गशीर्ष शुद्ध दशमी धरली आहे. पंचांगात बघ, ३० नोव्हेंबर येते. पहिले श्राद्ध रविवारीच, गुरुजी माझ्या वतीने करतील. तुझ्यावर अक्षता पडतील त्या सुमारास इथे पिंड ठेवतील. पुढे दर वर्षी तसेच. मी गेल्यावर चालू ठेवायचे बालाजीने कबूल केले आहे. मूल झाले की त्यालाही ही तिथी सांग, विसरायला नको.

पाकिटात काय आहे ते बालाजीला ठाऊक नाही. कार्यालयात, तू बोहल्यावर चढण्यापूर्वी हातात दे, एवढेच त्याला सांगितले आहे. त्याला जेवल्याशिवाय परत पाठवू नकोस.

लोभ असू दे असे आता म्हणत नाही. आठवण तर राहीलच.

अन्नपूर्णाबाई