तीनदा विकलेला मुलगा

टस्क्युलमचे स्पुरियसमामा यांस, रोमहून भाचा व्होलेरो याचा वाकून नमस्कार.

तुम्ही खुशाल असाल तर उत्तम. मामींची कंबर, तुमची गाढवीण आणि छपराचा नवा वासा, तिन्ही धड आहेत ना? यापुढे 'मीही खुशाल आहे' असं लिहायची रीत आहे. पण मी हे शिळ्या लघवीच्या हौदाशेजारी बसून लिहितोय, तेव्हा ती रीत आज राहू द्या.

मामा, मी बेचाळीस वर्षांचा. दोन लढाया लढलो, तीन पोरांचा बाप झालो, सभेत मतही देतो; पण कायद्याने अजून बाबांच्या मुठीत. माझी कमाई त्यांची, माझी पोरं त्यांची (बायकोने विणलेला अंगरखाही त्यांचाच, मी तो नुसता घालतो). पेरणीनंतर मी म्हटलं, म्हातारा बैल विकू या. बाबा असे भडकले की बैलसुद्धा मागे सरला. "बैल राहील. विकायचंच असेल तर तुला विकतो!" मीही तापलेला. म्हटलं, विका. इथेच घात झाला.

कायदा पाठ असलेल्या पुरोहिताकडे गेलो. तो म्हणाला, बापाने मुलाला तीनदा विकलं की मुलगा मोकळा. मग ठरलं असं, की शेजारच्या व्होपिस्कसने (कपडे धुण्याचा धंदा, तुम्ही ओळखता) मला विकत घ्यायचं आणि लगेच सोडायचं, असं तीनदा. पहिल्या वेळी पाच साक्षीदार आले, किमतीचं तांबं तोलायला तराजूवाला आला, व्होपिस्कसने माझा दंड धरला आणि ठरलेल्या वाक्यातला एक शब्द चुकला. झालं, सगळं पहिल्यापासून. शेवटी तराजूवर तांबं वाजलं, त्याने मला घेतलं, सोडलं, आणि सुटल्या क्षणी मी कायद्याने पुन्हा बाबांचा! घरी पोचलो तर बाबा म्हणाले, "आलास? डुकरांना खायला घाल." दुसऱ्या वेळी पाचवा साक्षीदार व्हेईहून आलेला पाहुणा निघाला, आपला नागरिकच नव्हे, म्हणून पुन्हा धावाधाव.

तिसरी विक्री मात्र एका दमात पार पडली. मी हात पुढे केला, म्हटलं, सोड आता. व्होपिस्कस म्हणाला, "माझे दोन गडी तापाने पडलेत रे. उतर हौदात." मला थट्टाच वाटली. "सोडायचं कधी, ते घेणारा ठरवतो," म्हणाला. तेव्हापासून अठरा दिवस मी कपडे तुडवतोय. (न्यायाला बसणारी मंडळी जे शुभ्र कपडे घालतात ते आधी कशात भिजतात, हे पाहिल्यापासून माझा न्यायावरचा विश्वास उडाला आहे.)

दाद मागावी तर विकलेल्या माणसाला स्वतः उभं राहता येत नाही. त्याच्या वतीने घेणाऱ्याने उभं राहायचं, म्हणजे व्होपिस्कसने. बाबांनी मागावी तर तीन विक्र्यांनंतर त्यांचा माझ्यावर हक्क उरला नाही. वर पुरोहित आता सांगतो, की सुटलो तरी पोरं आजोबांचीच राहणार आणि मी त्या घराचा कुणीच नसणार. हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, "तू कुठे विचारलंस?"

आणि बाबा! रोज दुपारी येऊन काठावर बसतात आणि ओरडतात, "टाचेने तुडव! बोटांनी काय कुरवाळतोस?" मामा, मी जिवाला कंटाळलोय.

तुमचा (सध्या व्होपिस्कसचा)
व्होलेरो

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. लढाईत तुम्ही जखमी व्होपिस्कसला पाठीवरून आणलं होतंत, तो तुमचा शब्द मोडणार नाही. हे पत्र वाचताच गाढवीण काढा आणि मला सोडवा.

आणखी ता. क. पत्र नेणारा अजून निघाला नव्हता, म्हणून लिहितो. गडी बरे झाले. आज सकाळी व्होपिस्कस आपणहून म्हणाला, "चल, सोडतो तुला." मीच म्हटलं, चार दिवस थांब. काल ओरडता ओरडता बाबांचा आवाज मधेच खाली आला. म्हणाले, "व्होलेरो, तिसऱ्या वेळी मी ते तांबं घ्यायला नको होतं." बेचाळीस वर्षांत हुकूम नसलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. तेव्हा मामा, या जरूर, पण सावकाश या. सुटलो की मी त्यांचा कुणीच नाही. तोवर निदान त्यांनी विकलेला मुलगा तरी आहे.