पाण्यानं लिहिलेलं श्री

२ सप्टें., सोमवार
शुभदा गेली. बीजिंगला, चिनी शिकायला, वर्षभराची सरकारी स्कॉलरशिप. विमानतळाच्या दारातून आत जाताना मागे वळून बघितलं नाही, बॅग ओढण्यात होती. घरात शिरल्याबरोबर देवघराच्या खुंटीला लाल फडक्यात नारळ बांधला. गजानना, वर्षाच्या आत पोर घरी येऊ दे, तिच्याच हातून तुझ्यापुढे फोडीन. हे बूट काढता काढता बघत होते. "अगं, वर्षभरात गोटा होईल त्याचा." म्हटलं, होऊ दे, खोबरं कामाला येईल.
उद्यापासून दूध अर्धा लिटर कमी.

१५ सप्टें., रविवार
आपल्याला फोन कधी मिळेल देव जाणे. दिल्लीच्या टोकाची ही कॉलनी, अजून रस्ताच धड नाही. तोवर शुभदाचा फोन समोरच्या चोप्रा भाभींकडे, रविवारी. आज पहिला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "आई, जेवतेय गं मी." भाभी शेजारीच बसलेल्या. "लोग बेटी को अमरीका भेजते हैं, आपने चीन भेज दिया। खाएगी क्या वहाँ?" मी म्हटलं, दाल-चावल बना लेती है.
उद्या गणपती. सारण करायचंय. मोदक कुणासाठी एवढे, पण करायचे.

१४ नोव्हें., गुरुवार
दिवाळीनंतर शु.चं पत्र. प्रत्येक अक्षरातल्या रेघांचा क्रम ठरलेला असतो म्हणे. वरची आधी, मग खालची. क्रम चुकला तर बाई नुसतं अक्षर बघून ओळखतात. पहाडगंजला शाळेत असताना हिच्या अक्षराची एक ओळ सरळ येत नसे. आता पत्रात एकच अक्षर काढून पाठवलंय, त्यात इतक्या रेघा की मी मोजता मोजता चुकले. एवढं सगळं एका शब्दासाठी. आणि अशी हजारो. हे ऑफिसात नेऊन दाखवणार आहेत. म्हटलं, मळवू नका.

१६ फेब्रु., रविवार
तिकडे नवीन वर्षाची सुट्टी. शु. मैत्रिणीबरोबर आगगाडीने लांबच्या एका जुन्या शहरात गेली होती. रात्रभर बसून! हे म्हणाले, ती तुझ्यासारखी पानिपतला जाताना पण डबा-पाणी-औषधं घेणाऱ्यातली नाही.
तिथे एक उंच मंदिर पाहिलं. फार पूर्वी त्या गावातला एक साधू पोथ्या आणायला आपल्या देशात चालत आला होता. वाळवंट, बर्फ, सगळं पायी. बरीच वर्षं परतलाच नाही. मग आला तो पोथ्यांचे गठ्ठे घेऊन. आपल्याकडून गेलेली अक्षरं तिथे अजून जपलीत. 
त्याला आई होती का, ते विचारायचं राहिलं.

२० एप्रिल, रविवार
आजचा फोन नीट लिहून ठेवते.
तिथे बागेत म्हातारी माणसं लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहितात. सुंदर लिहितात. वाळलं की गेलं. मी म्हटलं, मग लिहायचं कशाला? तर म्हणते, "तू रांगोळी कशाला काढतेस?"
एका आजोबांनी तिच्या हातात कुंचला दिला, तुझ्या देशाचं लिही म्हणाले. हिने श्री लिहिलं. भलंमोठं. अगं, जमिनीवर? पायाखाली आलं असेल की.
"नाही आई. मी सांगितलं त्यांना, हे देवाचं आहे. सगळे वळसा घालून गेले. वाळेपर्यंत."
वाळेपर्यंत. कोण कुठली माणसं. दिवसभर तेच डोळ्यांपुढे. भाभींना सांगितलं तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, हे विशेष.

२५ मे, रविवार
शु.ला अजून एक वर्ष मिळतंय. "आता कुठे पुस्तक वाचता यायला लागलंय, आई. बाबा म्हणाले, आईला विचार." दोन आठवड्यांत कळवायचंय.
मी नारळाचं सांगितलं. नवस बोललेय, वर्षाच्या आत म्हणून.
ती म्हणाली, "बरं. मग मी येते."
वाद घातला असता तर बरं झालं असतं.

३० मे, शुक्रवार
मंदिरात पंडितजींना विचारलं, बोललेला नवस पुढे ढकलला तर दोष लागतो का. ते हार निवडत होते. "माताजी, गणेश जी हिसाब नहीं रखते। हिसाब आप रखती हैं।"
घरी सांगितलं तर हे इतके हसले. मला नाही हसू आलं. नवस बोलताना देवासाठी बोलले की माझ्या…

८ जून, रविवार
आज शु.ला उत्तर सांगायचंय.
सकाळी दाराबाहेर झाडून घेतलं. रांगोळीचा डबा तसाच ठेवला, तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून श्री लिहिलं. इथलं ऊन! शेवटची रेघ ओढेस्तोवर पहिली वाळलेली. परत लिहिलं. परत तेच. पुरतं श्री एकदाही एका वेळी दिसलं नाही. तरी हात थांबेना. शु.नेही असंच वाकून लिहिलं असेल.
हे दूध घेऊन आले. पायरीवरच थांबले. "हे काय नवीन?" खाली पाहिलं, आणि पिशवी हातात धरून वाळेपर्यंत उभे राहिले.
नारळ खुंटीवरून काढून हलवला. पाणी नाही. गोटा सुटलाय, आत खुळखुळतो. "सांगितलं होतं ना," म्हणाले. मग विचारलं, "फोडायचा का?"
तिच्या हातून म्हटलंय मी. फडकं जीर्ण झालं होतं, अजून वर्षभर टिकेल असं नवीन घेतलं, पुन्हा बांधला. गाठ जरा सैल ठेवलीय.
समोरून भाभींची हाक. फोन.