भस्म्याचं ताट

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझा गुडघा, वसतिगृहाचा बिघडलेला बॉयलर आणि ऐंशी मुलींचे ऐंशी तऱ्हांचे खोकले, सगळं वाचून झालं. आता आमच्याकडची बातमी ऐक. चिमणीनं वर्षभर भुणभुण लावली होती, शेवटी तिच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही कुत्र्याचं पिल्लू आणलं. तेव्हापासून मी हादरलेलाच आहे.

ताई, मी असं खाणं जन्मात पाहिलेलं नाही. वाडगा भरून भात आणि मटण खाली ठेवलं की अकरा सेकंदांत संपतं. चिमणीनं घड्याळ लावून मोजलंय. वाडगा ढकलत ढकलत चुलीपासून फ्रिजपर्यंत जातो आणि तिथे आपटतो, म्हणजे जेवण झालं असं समजायचं. मग दोन मिनिटांत सगळं बाहेर. आणि आम्ही फडकं आणेपर्यंत तेच पुन्हा आत. मी दाराला धरून उभा राहिलो. वीस वर्षं लोकांना नीट चावता यावं म्हणून कवळ्या बनवतोय, आणि माझ्याच घरात हा न चावता गिळणारा!

कवळीवरून आठवलं. एका निवृत्त मास्तरांची वरची कवळी घासूनपुसून टेबलावर ठेवली होती. पाठ फिरवली तेवढ्यात त्यानं खुर्चीवरून उडी मारली आणि मी पाहीपर्यंत दोन दाढा गायब. आता मास्तरांना कसं सांगू की तुमच्या दाढा तुमच्याआधी दुसऱ्यानंच वापरल्या? त्यांना अजून लापशीवर ठेवलंय.

आम्ही जेवायला बसलो की हा टेबलावर पाय टाकतो. परवा हिच्या हातातला पाव तोंडाशी जाण्याआधी गेला. शहराची बस चालवणारी बाई, भर गर्दीत जिचा हात थरथरत नाही, ती स्वयंपाकघरात पाय ठेवताना दचकते. रिकाम्या वाडग्याजवळूनही गेलं तरी गुरगुरतो. आहे मुठीएवढा, आवाज मात्र गिरणीचा. भस्म्या रोगच झालाय असं ही म्हणाली, म्हणून नावच भस्म्या पडलं.

तू ऐंशी जणींना ओळीत बसवून जेवू घालतेस. काहीतरी उपाय कळव.

तुझा लोभ आहेच, तो भस्म्यासकट राहावा.

तुझा,
धाकटा


दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की आमच्या स्वयंपाकीणबाई बघायला आल्या. ते पुन्हा आत जायचं वाचलं तेव्हा मात्र हातातला चहा खाली ठेवला. मास्तरांच्या दाढा सापडल्या का? कशा सापडल्या ते कळवू नकोस.

अरे, लाडानं पोर बिघडतं, तिथे कुत्र्याची काय कथा? तुम्ही तिघं त्याच्याभोवती आरती ओवाळल्यासारखे उभे राहत असणार. घरात धनी कोण हे त्याला अजून कळलेलं नाही, एवढंच.

आणि उपाय मला काय विचारतोस? आपल्या घरचाच आहे की. आई गेली त्या वर्षी तू असाच बकाबका गिळायचास, दोन्ही गाल फुगलेले. बाबा पेपरातून डोकं वर न काढता मला सांगायचे, ताट उचल. मी उचलायची, शंभर आकडे मोजायची आणि परत ठेवायची. पुन्हा घाई केलीस की पुन्हा शंभर. तू सहा वर्षांचा, मी पंधराची. महिन्याभरात माणसात आलास की नाही? आवाज नाही, मचमच नाही, सांडलवंड नाही. इथेही मी तेच करते. जी मुलगी घाईनं जेवेल तिचं ताट शंभर आकडे माझ्या हातात. बारा वर्षांत एकीनंही तक्रार केलेली नाही.

तेव्हा मधेच वाडगा उचला. रोज, न चुकता. दया दाखवलीस की संपलं. चिमणीला शिकव, मुलांच्या हातून केलेलं पक्कं बसतं.

गुडघा बरा आहे. तुम्हा तिघांना आशीर्वाद, आणि चौथ्याला शिस्त.

तुझी,
ताई


दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र हसत वाचू नकोस. भस्म्यानं चिमणीला चावा घेतला.

तुझा उपाय आम्ही दुसऱ्याच दिवशी सुरू केला. पहिले तीन दिवस तो फक्त चकित होऊन बघत राहिला आणि मला वाटलं, ताईला मानलं पाहिजे. चौथ्या दिवसापासून तो अकराऐवजी सात सेकंदांत संपवायला लागला. वाडग्यावर आडवा पडून खायचा, डोळे वर, आमच्यावर. मी म्हटलं, थोडी कळ काढू, रोग जाताना बळावतोच.

सोळा तारखेला मी कामाच्या खोलीत मेण वितळवत होतो. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मी मान वर न करता ओरडलो, चिमणे, ताट उचल. ताई, ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले आणि आवाज बाबांचा होता. अगदी हुबेहूब. मी तसाच हातात मेणाचं भांडं घेऊन थिजलो. आणि तेवढ्यात ती किंचाळली.

उजव्या हाताची दोन बोटं. तीन टाके पडले. इंजेक्शनं चालू आहेत. ती रडली नाही याचंच मला जास्त वाटलं. एवढंच म्हणत राहिली की त्याची चूक नाही, मी बावीसपर्यंतच मोजले होते. भस्म्या कपाटाखाली शिरून बसला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

हिनं मला स्पष्ट बजावलं की बारा मार्चपर्यंत त्याच्यासाठी दुसरं घर शोधा, नाहीतर मी शोधते. चिमणीनं त्यावर जेवणच सोडलं. एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसते, माझी इकडे आड तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. मी तुझा उपाय सांगितला, जरा ऐटीतच. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे पिल्लू सहा भावंडांत वाढलं, आधीच पोटाची भीती घेऊन आलेलं. त्याला तुम्ही रोज शिकवलंत की माणूस जवळ आला म्हणजे जेवण जाणार. मग ते घाई करणार नाही तर काय? जवळ येणारा हात काढून घ्यायला येत नाही, घालायला येतो, हे त्याला पटलं पाहिजे. परत येताना ही एक शब्द बोलली नाही. रागावली असणार.

आता दिवसाचं जेवण चार वेळांत विभागलंय. वाडगा बंद, केक भाजायच्या खळग्यांच्या ट्रेमध्ये थोडं थोडं घालतो, म्हणजे त्याला शोधत खावं लागतं. तो खाताना कुणी अडवायचं नाही, हात लावायचा नाही. मी लांबून जाताना मटणाचा तुकडा टाकतो आणि थांबत नाही. आमच्या जेवणात त्याची चटई कोपऱ्यात, आणि टेबलावरून त्याला कणही नाही. बघू.

तुझ्यावर राग नाही. मला हे सुचायला हवं होतं.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र आत्ताच वाचलं. चिमणीचा हात कसा आहे ते लगेच कळव. मी मुलांच्या हातून करवा असं लिहिलं होतं, ती ओळ डोळ्यांपुढून हलत नाही.

पण एक सांगते. कुत्रं ते कुत्रं. ते बिथरलं म्हणून बाबांची पद्धत चुकीची ठरत नाही. तू काय वाईट निघालास? तुझं बोट कुणाच्या दाताखाली गेलं नाही की कुणाचं तुझ्या. डॉक्टरीणबाईंनी माणसांची मुलं वाढवलेली दिसत नाहीत.

मी मार्चच्या पहिल्या रविवारी येते. मुलीला बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि त्या भस्म्यालाही एकदा बघायचंय. स्टेशनवर येऊ नकोस, गुडघा मला तेवढं चालू देतो.

तुझी,
ताई


दि. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. चिमणीचे भरून आलेले टाके बघून जीव भांड्यात पडला. भस्म्या ट्रेमधून शोधशोधून खाताना मी दहा मिनिटं स्टुलावर बसून बघत होते. मधे मी तुकडा टाकला तर त्यानं शेपटी हलवली. मनात म्हटलं, जाऊ दे, डॉक्टरीणबाईंना थोडं कळतं.

मी चहा न घेताच निघाले, त्याचं कारण गाडीची वेळ नव्हतं. ते तोंडानं सांगवलं नाही, म्हणून लिहिते आहे.

दुपारी जेवताना मी तुझ्या डावीकडे बसले होते. तू त्या मास्तरांचं सांगत होतास, नवी कवळी घालून ते तुझ्या दारातच शेंगदाणे खायला लागले ते. मी बटाटा उचलला आणि तुझ्या ताटात घालायला हात पुढे केला. तर तुझा डावा हात ताटाभोवती आला. कोपर, मनगट, पूर्ण कुंपण. मान खाली गेली आणि तोंडातला घास तू न चावता गिळलास. मग मी हात मागे घेतला, तसा तुझा हात गेला, आणि तू पुढचं वाक्य बोललास. तुला कळलंही नाही. तू सेहेचाळीस वर्षांचा आहेस.

तो बटाटा मी माझ्या ताटात ठेवला आणि तो मला खाववला नाही.

अरे, मला वाटायचं मी तुला वळण लावते आहे. तू आवाज न करता जेवायला लागलास तेव्हा मला बक्षीस मिळाल्यासारखं झालं होतं. आई गेलेल्या पोराच्या तोंडचा घास मी दिवसातून दोनदा काढत होते, आणि मोठ्यानं मोजत होते. बाबांनी सांगितलं हे खरं. पण हात माझा होता.

काल भोजनगृहाच्या दाराशी उभी राहिले. बारा वर्षं तिथेच उभी राहते, पण काल मुलींच्या तोंडाकडे न बघता डाव्या हातांकडे बघितलं. सात जणींचे हात ताटाभोवती होते. मी आत पाऊल टाकलं, तशा नऊ झाल्या. एकीनंही तक्रार केली नाही असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना. नियम मी फळ्यावरून पुसला. स्वयंपाकीणबाई विचारत होत्या की बाईंना बरं नाही का.

मी माफी मागते असं लिहिलं तर तू हसून उडवशील, म्हणून नुसतंच लिहिते की मला फार वाईट वाटतंय.

माझ्यावर लोभ ठेव म्हणायचा हक्क आहे की नाही, ठाऊक नाही.

तुझी,
ताई


दि. १४ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र मी लिहिते आहे म्हणून दचकू नका, सगळे बरे आहेत. ह्यांनी दोनदा कागद घेतला आणि दोनदा कामाच्या खोलीत जाऊन दात घासत बसले, लोकांचे.

तुमचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं आणि विचारलं की हे खरं का. मी हो म्हटलं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी डावीकडून भात वाढायला गेले, तेव्हा हात असा आडवा आला की वाटी माझ्या हातून उडाली. तेव्हापासून मी उजवीकडून वाढते आणि आधी तोंडानं सांगते, वाढते हं. सोळा वर्षं झाली. मला वाटायचं, असते एकेकाची सवय. ह्यांना कधी बोलले नाही, उगाच लाजले असते. कुठून आली असेल हे मात्र मला त्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत कळलं. त्या भस्म्याबद्दल सांगत होत्या आणि मी ह्यांच्याकडे बघत होते. परत येताना माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि ह्यांना वाटलं मी रागावले. बारा तारीख मी तिथेच मनातून खोडली. एकाला इतकी वर्षं सांभाळलं, मग दुसऱ्याला कुठल्या तोंडानं हाकलू?

काल दुपारचंच सांगते. हे जेवायला बसले आणि डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. तसेच जेवले, पहिल्यांदा शाळेत गेलेल्या मुलासारखे ताठ. चिमणी विचारायला लागली की बाबांचा हात दुखतोय का. मला ते बघवेना. मी सांगितलं, हात काढा, ठेवा कुठे ठेवायचा तिथे, इथे कुणी काही उचलत नाही. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमच्यावर राग आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, तिचंही वय पंधराच होतं, तिला कोण वाढत होतं?

म्हणून तुम्ही या. माफीबिफी नको, सरळ डावीकडे बसा आणि वाढत राहा. भस्म्याला तीन आठवडे लागले. ह्यांना किती लागतील ते डॉक्टरीणबाईही सांगू शकणार नाहीत, तेव्हा सुट्टी जरा मोठी काढा.

तुमचा लोभ आम्हाला हवाच आहे.

आपली,
भावजय